घरचा पक्ष आणि पंधराशे रुपये

मतदार यादीचं कुठलंही पान उघडा. प्रत्येक चौकटीत मतदाराचं नाव, त्याखाली वडिलांचं किंवा पतीचं नाव, मग घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा नंबर. पक्षाचा बूथवरचा कार्यकर्ता ही यादी घेऊन बसतो तेव्हा तो माणसं मोजत नाही, घरं मोजतो. खालच्या आळीतल्या पाटलांची सहा, विहिरीजवळच्या जाधवांची अकरा. घराला एकच खूण: आपलं, समोरचं किंवा कुंपणावरचं. हजार-बाराशे मतांच्या बूथवर अडीचशे-तीनशे घरं भरतात, आणि मुरलेला कार्यकर्ता दोन संध्याकाळी सगळी यादी रंगवून देतो. सातबाऱ्यावर वारसाची नोंद चढावी तसा पक्ष बापाकडून मुलाकडे उतरतो, हे त्याचं गृहीतक.

निकालानंतर चर्चेला बसणाऱ्यांचं गृहीतक नेमकं उलटं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालात महायुतीतल्या तीन पक्षांना मिळून २३० जागा मिळाल्या आणि दुसऱ्याच दिवशी, सरकारच्या लाडकी बहीण योजनेवरून, 'पंधराशे रुपयांत मत विकलं' हे वाक्य चहाच्या टपरीपासून अग्रलेखांपर्यंत ऐकू यायला लागलं. म्हणजे मतदाराला ना घर, ना इतिहास. पुढ्यात जे टाकाल ते तो उचलणार.

दोन्ही मतं अर्धवट आहेत. घर मुलाला पक्ष देतं, पण त्याहून पक्कं असं काही देतं ते म्हणजे 'आपण कोणाच्या विरोधात'. आणि धोरण त्या निष्ठेला सहसा भिडत नाही. निष्ठा जिथे सैल झालेली असते, तिथल्या फटीतून ते आत येतं. महाराष्ट्रात २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी फुटली; ही फट पाडली ती पक्षांनीच. मतदाराला बोल लावण्याआधी एवढं तरी मान्य करायला हवं.

घरातून नेमकं काय उतरतं, याचा सर्वांत काटेकोर हिशेब अमेरिकेत झाला. १९६५ साली मिशिगन विद्यापीठातल्या केंट जेनिंग्ज यांच्या गटाने ९७ शाळांमधल्या शेवटच्या वर्षाच्या १६६९ विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यांच्या आई-वडिलांच्या वेगळ्या. दोघांना एकमेकांची उत्तरं कळण्याचा प्रश्नच नव्हता. डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि अपक्ष असे तीन गट केले, तर शंभरातली ५९ मुलं पालकांच्याच गटात सापडली. थेट उलट्या पक्षात गेलेली फक्त सात. उरलेली कुठेतरी मध्ये, स्वतःला अपक्ष म्हणवणारी किंवा अपक्ष आई-बापांच्या घरातून एका बाजूला सरकलेली.

पण त्याच मुलाखतींत धोरणांवरचे प्रश्नही होते, आणि तिथे हे साम्य झपाट्याने ओसरतं. काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवावं का, शाळेत प्रार्थना असावी का, या दोन विषयांवर पालक-मुलांची मतं थोडीफार जुळली. धर्मसंस्थेविरुद्ध बोलणाऱ्याला भाषण करू द्यावं का, या प्रश्नावर जवळपास काहीच जुळलं नाही. म्हणजे जेवणाच्या टेबलावरून मुलांनी पक्षाचं नाव उचललं. त्या पक्षाची भूमिका उचललीच असं नाही.

मग भूमिका येते कुठून? बऱ्याचदा पक्षाकडूनच, मागाहून. जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना गरिबांच्या सरकारी मदतीची योजना वाचायला दिली. काहींना सढळ हाताची, काहींना कडक अटींची. 'तुमच्या पक्षाचा हिला पाठिंबा आहे' एवढं एक वाक्य जोडलं की उदारमतवाद्यांना कडक योजना पटायची आणि रूढीप्रियांना सढळ. विचारलं, की उत्तर यायचं: आम्ही योजनेचा तपशील पाहून ठरवलं.

आपल्याकडे हा प्रयोग मोफत झाला. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड एक्सप्रेसवेच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली, तेव्हा थेट पैसे वाटणं देशाला बुडवेल हे भाजपच्या समर्थकांना मनापासून पटलं होतं. दोन वर्षांनी लाडकी बहीण आली आणि तेच समर्थक महिला सक्षमीकरणावर बोलू लागले. विरोधकांनी आधी तिजोरीची काळजी केली आणि मग जाहीरनाम्यात महिन्याला तीन हजार लिहिले. त्यांच्या समर्थकांनीही मान डोलावली. दोन्हीकडे क्वचितच कोणी पक्ष सोडला. मतं मात्र दोघांनीही बदलली.

तरी पक्ष सुटतात. ते कसे, हे पाहायला गिरणगाव आणि तळकोकण यांच्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

लालबाग-परळ हा लाल बावट्याचा बालेकिल्ला. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. सेनेचा हा पहिला आमदार. बाप लाल बावट्याच्या युनियनमध्ये आणि पोरगा शाखेत, असं चित्र चाळीतल्या अनेक खोल्यांत दिसू लागलं. बापाचा पक्ष गिरणीच्या गेटवर राहत होता, पोराचा पक्ष चाळीच्या कोपऱ्यावर. पोराला गिरणीत नोकरी लागण्याची शक्यता जशी घटत गेली तसा गेटवरचा पक्ष त्याच्यापर्यंत पोचेनासा झाला. दाखला, नळ, भांडण, ॲडमिशन, सगळं शाखेत. जानेवारी १९८२ च्या संपानंतर तर गेटच बंद झालं. संपाचे नेते दत्ता सामंत १९८४ साली त्याच पट्ट्यातून खासदार झाले खरे, पण गिरण्याच उठल्यावर ती निष्ठा टिकायला जागा उरली नाही.

इलायस दिनास या अभ्यासकाचा एक निष्कर्ष इथे चपखल बसतो. ज्या घरांत राजकारणावर सतत बोलणं होतं, तिथली मुलं पालकांचा पक्ष सर्वांत आधी आणि सर्वांत घट्ट पकडतात. पण मोठी झाल्यावर तो सोडणाऱ्यांतही तीच पुढे असतात. कारण त्यांना राजकारणात रस असतो, ती बाहेर जातात, नव्या प्रश्नांना भिडतात. ज्या घरात राजकारणाचं नावच निघत नाही, तिथलं पोरगं बंडही करत नाही. कम्युनिस्ट आणि समाजवादी घरांतून सेनेला धडाडीचे कार्यकर्ते मिळाले, याचं मला तरी यापेक्षा बरं स्पष्टीकरण सापडत नाही.

तळकोकणात हेच वारं उलट्या दिशेने वाहिलं. राजापूर लोकसभा मतदारसंघ १९५७ पासून नाथ पै यांचा आणि १९७१ पासून मधु दंडवते यांचा. दंडवते सलग पाच वेळा निवडून आले. कोकण रेल्वे हा त्यांचा ध्यास. काम सुरू झालं १९९० साली, ते स्वतः केंद्रात अर्थमंत्री असताना. आणि १९९१ साली ते पडले. धोरणाने निष्ठा टिकते असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल समोर ठेवावा. संपूर्ण मार्गावर गाडी धावली १९९८ साली. न धावलेल्या गाडीला मत मिळत नाही. १९९६ मध्ये राजापुरातून सेनेचे सुरेश प्रभू निवडून आले. सेना तिथे आली ती मुंबईहून, गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर. इथे पोराने बापाला पक्ष दिला. मनीऑर्डर ज्या हाताने येते त्या हाताचं राजकारण घरात ऐकलं जातं, आणि वारसा वरून खालीच येतो असं मानणाऱ्या अभ्यासांत या गोष्टीला पुरेशी जागा मिळालेली नाही.

दुसऱ्या टोकाला सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला. गणपतराव देशमुख इथून अकरा वेळा आमदार झाले, पक्ष शेतकरी कामगार. राज्यभरात शेकाप आटत गेला तरी सांगोल्यात नाही. २०१९ साली त्यांच्या नातवाचा, अनिकेत देशमुखांचा पराभव झाला तो अवघ्या ७६८ मतांनी. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले, राज्यात शेकापचे एकटेच. याला घराणेशाही म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण सांगोल्यात पक्ष म्हणजे दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा लढा आणि सूतगिरणी. आजोबाला जो प्रश्न होता तोच नातवाला, आणि तो मांडणारा पक्षही तोच. वारसा आणि धोरण इथे एकाच दिशेला ओढतात.

प्रवरेच्या पट्ट्यात तिसराच प्रकार. विखे पाटील काँग्रेसमधून सेनेत गेले, परत काँग्रेसमध्ये आले, २०१९ साली भाजपमध्ये. राधाकृष्ण विखे शिर्डीतून निवडून येत राहिले. इथे घराघरातून उतरलेली निष्ठा पक्षाशी नाहीच. ती कारखाना, कॉलेज, दवाखाना आणि ते चालवणाऱ्या घराण्याशी आहे. नेत्याने पक्ष बदलला की मतदार मागे जातो, हा नियम म्हणून सांगितला जातो तो अशाच ठिकाणांवरून. पण तो संस्थेच्या कुंपणापुरता खरा. साताऱ्यात २०१९ मध्ये उदयनराजे राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले आणि पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून हरले. गादीचा मान आपल्या जागी, उसाचं बिल आणि बँकेचं कर्ज आपल्या जागी.

आता फुटीकडे येऊ. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी हे नाव आणि घड्याळ अजित पवारांना. उरलेल्यांच्या वाट्याला मशाल आणि तुतारी वाजवणारा माणूस. ज्या घराने तीन निवडणुका डोळे मिटून धनुष्यबाणाचं बटण दाबलं, त्या घरासमोर पहिल्यांदाच प्रश्न आला: आपला पक्ष म्हणजे चिन्ह, की नाव, की ठाकरे, की गल्लीतला शाखाप्रमुख?

उत्तर जागोजागी वेगळं आलं. विधानसभेला ठाकरे गटाच्या वीस आमदारांपैकी दहा मुंबईतले. लालबाग-परळचा शिवडी मतदारसंघ त्यात आला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत मात्र मशालीला एकच जागा, गुहागर. शाखा जिथे दर गल्लीत होती तिथे निष्ठा शाखेबरोबर राहिली. जिथे पक्ष म्हणजे चिन्ह आणि आमदार होते, तिथे ती चिन्हाबरोबर आणि आमदाराबरोबर गेली. दोन्हीकडचे मतदार स्वतःला बाळासाहेबांचा शिवसैनिकच म्हणवतात, आणि दोघेही खोटं बोलत नाहीत.

चिन्हावरची निष्ठा किती आंधळेपणाने चालते याचा पुरावा लोकसभेला दिंडोरीत मिळाला. राष्ट्रवादी शरद पवार गटाचे भास्कर भगरे जिंकले, पण त्यांच्याच आडनावाच्या एका अपक्षाने एक लाखाहून अधिक मतं घेतली. त्याचं चिन्ह ट्रम्पेट. लोक त्याला पिपाणी म्हणतात, पण यंत्रावरच्या यादीत त्याचं मराठी नाव 'तुतारी' होतं. साताऱ्यात तर उदयनराजेंचं मताधिक्य ३२,७७१ आणि पिपाणीवाल्या अपक्षाची मतं ३७,०६२. ही सगळीच मतं चुकून पडली असं कोणी सिद्ध करू शकत नाही, तरी आकडा बोलका आहे. कार्यकर्त्याने घरी जाऊन 'तुतारी' एवढंच सांगितलं. 'तुतारी वाजवणारा माणूस' म्हणून चित्र दाखवायला हवं होतं.

आणि बारामती. लोकसभेला सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांना हरवलं, आणि खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रात चाळीस हजारांहून जास्त आघाडी घेतली. सहा महिन्यांत त्याच मतदारांनी अजित पवारांना युगेंद्र पवारांपेक्षा लाखाने पुढे ठेवलं. यात निष्ठा बदलली कुठे? दोन्ही वेळी मत पवारांनाच. 'दिल्लीत ताई, मुंबईत दादा' ही वाटणी मतदाराने करून टाकली आणि पवारांपैकी कोणालाही न दुखावता मोकळा झाला.

धोरणाला जागा मिळते ती इथे. लाडकी बहीण जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली: वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, महिन्याला १,५०० रुपये, आधारला जोडलेल्या तिच्या स्वतःच्या खात्यात. पहिले दोन हप्ते ऑगस्टमध्ये एकदम, आणि आचारसंहितेच्या आधी नोव्हेंबरपर्यंतचे पाच, म्हणजे साडेसात हजार. यादीत जिच्या नावाखाली नवऱ्याचं नाव छापलेलं, तिच्या नावावर सरकारचा पैसा आला. बूथच्या कार्यकर्त्याचा 'सहा मतांचं घर' हा हिशेब चुकला तो इथे. सून माहेरहून येते तेव्हा माहेरचा पक्ष घेऊन येते, काही वर्षं गप्प राहते, आणि यादीवाला तिला सासऱ्याच्या रंगात रंगवून मोकळा होतो.

पण हीच योजना १९९५ मध्ये आणली असती, तर काँग्रेसच्या पिढीजात घरातली बाई धनुष्यबाणाचं बटण दाबायला इतक्या सहज तयार झाली नसती, असं माझं मत. २०२४ साली पैसे देणारं सरकार हे अर्ध्या घरांना परकं नव्हतंच. त्यात घड्याळ होतं, धनुष्यबाण होता. शत्रूच्या दारात न जाता बाजू बदलता येत होती. हे एकच कारण होतं असं नाही. मतदान लोकसभेच्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ वर गेलं, त्यात संघटनेचा आणि आरक्षणावरून झालेल्या ध्रुवीकरणाचाही हात होता. तरी 'विकलं' हा शब्द चुकीचाच.

उलट दिशेचा दाखला कांद्याचा. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती उठली ४ मे २०२४ ला, म्हणजे मतदानाचे दोन टप्पे होऊन गेल्यावर. ट्रॉली लिलावात उभी राहिली की भाव तिथेच कळतो, कोणाला समजावून सांगावं लागत नाही. भाव पाडणारा कोण याबद्दल शंका नव्हती, निर्णय दिल्लीचा. महायुतीच्या हातून दिंडोरी गेली, नाशिक गेलं, अहमदनगर आणि शिर्डीही. धोरण मत फिरवतं ते असं: फटका प्रत्येकाला स्वतःला मोजता यावा, दोष कोणाचा हे निर्विवाद असावं, आणि दुसरीकडे जायला घराने शिवी न द्यावी अशी जागा असावी. तिसरी अट नसली तर निष्ठावंत मतदार पक्ष सोडत नाही; तो मतदानाच्या दिवशी शेतावर जातो.

चिन्हच नसेल तर काय होतं, तेही आपण पाहिलं. शिक्षक मतदारसंघाच्या मतपत्रिकेवर चिन्ह नसतं, पसंतीक्रम लिहायचा असतो. फेब्रुवारी २०२३ च्या निकालात नागपुरात सुधाकर अडबाले यांनी भाजपचा पाठिंबा असलेल्या नागो गाणार यांना हरवलं, आणि प्रचारभर एकच विषय होता: १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन. त्यातले कितीतरी शिक्षक विधानसभेला आपल्या नेहमीच्या बटणाकडे परतले असणार.

'हे सगळं शेवटी जातच आहे' असा आक्षेप येतो. जात घराबरोबरच येते, त्यामुळे तो खोटा नाही, पण अपुरा आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले हे मोजणंही अवघड. निळा झेंडा मात्र घराघरात तसाच. २०१९ च्या लोकसभेत प्रकाश आंबेडकरांच्या वंचित आघाडीला सुमारे सात टक्के मतं मिळाली, २०२४ मध्ये तीनहून कमी, कारण संविधान बदलतील ही भीती खरी वाटली आणि मतं भाजपला हरवू शकेल अशा उमेदवाराकडे गेली. घरातून मिळालेलं होतं ते आंबेडकरांचं नाव आणि विरोधक कोण हे. पक्ष त्या दोन्हीसाठी वापरायचं साधन.

म्हणून सर्वेक्षण करणाऱ्यांनी आणि पक्षांनीही प्रश्न बदलायला हवेत. 'तुम्ही कोणत्या पक्षाचे?' याचं उत्तर फसवं असतं, निकालानंतर तर जास्तच; जिंकलेल्याला मत दिलं म्हणणारे प्रत्यक्ष मतांपेक्षा बहुधा अधिक निघतात. 'कोणत्या पक्षाला काहीही झालं तरी मत देणार नाही?' हे विचारा. लहानपणी घरात कोणाचं नाव निघायचं हे विचारताना उत्तरावर पूर्ण विसंबू नका. माणूस आजचं मत वडिलांच्या तोंडी घालतो. बाईला अंगणात, सासऱ्यासमोर विचारलं तर 'घरचे सांगतील तिथं' असंच ऐकायला मिळणार. निवडणुकांची सर्वेक्षणं करणाऱ्या सीएसडीएस-लोकनीतीचे लोक खोटी मतपत्रिका आणि पेटी नेतात ती याचसाठी. आणि यादीवर खूण करायचीच तर घरासमोर करू नका, नावासमोर करा.

२०२९ साली पहिल्यांदा मत देणारा मुलगा २०११ च्या आसपास जन्मलेला असेल. सेना फुटली तेव्हा तो पाचवी-सहावीत होता. त्याच्या घरात काका मशालीचा, मामा धनुष्यबाणाचा, आणि गणपतीच्या जेवणाला दोघे शेजारी बसून तो विषय टाळतात. जेनिंग्जच्या आकड्यांतली शंभरातली ५९ मुलं आई-बापांबरोबर राहिली, कारण त्या टेबलावर पक्षाचं एक नाव तरी ऐकू येत होतं. या मुलाला ऐकू येतात ती दोन, किंवा एकही नाही. त्याच्याकडे कोणता पक्ष धोरण घेऊन जाईल आणि कोणता नुसतं चिन्ह, यावर बरंच अवलंबून राहील. आणि सध्या तरी दोन्ही गट त्याला बाळासाहेबांचा फोटोच दाखवताहेत.